ओतोसानचा डावा खिसा

माझ्या सासऱ्यांचे हात थरथरत नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या हिवाळ्यात असं म्हणणारी मी एकटीच होते. खुद्द सासऱ्यांचासुद्धा त्यावर विश्वास नव्हता, आणि त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहायचो, स्टेशनपासून सायकलने सात मिनिटांवर, सासऱ्यांनी बांधून घेतलेल्या छोट्या दुमजली घरात. आता त्या भागात हिंग आणि पोहे दुकानात मिळतात म्हणे. तेव्हा मी पंजाबी ड्रेस घालून सुपरमार्केटात शिरले तरी बायका कोबी निवडायच्या थांबायच्या. नवरा जपानी. कंपनीच्या कामाने तो दोन वर्षं पुण्यात होता, मी तिथे कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घ्यायचे आणि संध्याकाळी हौसेने जपानी शिकायचे. पुढचं काय झालं ते उघडच आहे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सासऱ्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे ओतोसान म्हणायचे, म्हणजे बाबा.

ओतोसान बोलण्यात भारी कंजूष. सकाळपासून संध्याकाळपर्यंतची त्यांची वाक्यं मोजायला एका हाताची बोटं पुरायची. आयुष्यभर त्यांनी प्रयोगशाळांचे आणि औषधांच्या दुकानांचे नाजूक तराजू दुरुस्त केले होते, कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने मारलेल्या रेघेचं वजन दाखवतील असे तराजू. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, हातांचा. तोही ते बोलून दाखवायचे नाहीत. फक्त चहा पिऊन झाला की हात मांडीवर अशा बेताने ठेवायचे, जणू ते परत पेटीत ठेवायचे आहेत.

त्यांच्याकडे एक रायफल होती. तरुणपणी ते डोंगरात हरणांच्या शिकारीला जायचे. गुडघे गेल्यावर ते सुटलं आणि मग तीनशे मीटरवरच्या कागदाच्या निशाणावर नेम धरणं एवढंच उरलं. काडतुसं ते स्वतः भरायचे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तराजूवर तोलून आत ओतायची आणि वर गोळी बसवायची. एका काडतुसाला ते जेवढा वेळ घेत, तेवढ्यात माझ्या चार पोळ्या व्हायच्या. जपानात परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच बंदुकीला हात लावायचा. काडतुसं आणि दारू यांचंही तेच. त्यामुळे त्यांच्या टेबलापासून हातभर लांब माझं स्टूल असायचं, आणि त्यावर बसून मी वाटाणे सोलत त्यांचं काम बघायचे.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा पुण्याहून ती ओरडली, “अगं बाई! जपानात जाऊन काय पाहतेस, तर काडतुसं भरताना? लोक तिकडे फुलं मांडायला शिकतात!”

“तेही शिकतेय गं,” मी म्हटलं. “पण त्यात मोजायला काही नसतं.”

नेमबाजीचं मैदान तीन तासांवर, डोंगरात होतं. गुडघ्यांमुळे ओतोसानना इतकी गाडी चालवता येईना, म्हणून मी सारथी. दोन हिवाळे मी त्यांना नेत होते. पुण्याच्या थंडीत आम्ही हौसेने स्वेटर काढायचो. त्या डोंगरातली थंडी वेगळी, ती बुटातून वर चढायची. म्हणून मी काइरोची खोकीच्या खोकी घेऊन ठेवायचे. काइरो म्हणजे लोखंडाचा कीस भरलेली कापडी पुडी. वेष्टण फोडून हलवली की तासन्तास गरम राहते. गाडीतून उतरलं की एकेक माझ्या दोन्ही खिशांत, आणि एक ओतोसानना. ते ती दोन्ही हातांनी घ्यायचे, किंचित वाकायचे आणि जॅकेटच्या खिशात ठेवायचे. माझ्या सुनेच्या कर्तव्यांपैकी एवढं एक मला बिनचूक जमतं, असं मला वाटायचं.

त्या वर्षी नोव्हेंबर अखेरच्या स्पर्धेत ओतोसान अकरावे आले. क्लबात वीस-बावीस माणसं, आणि हे कधी पहिल्या तिघांतून खाली न आलेले. त्यांच्या कागदावर दहा भोकं होती. पाच मधल्या वर्तुळात वरच्या बाजूला, आणि पाच त्यांच्याखाली दोन बोटांवर. डावीकडे-उजवीकडे एकही नाही. त्यांनी कागदाची चार घड्यांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

परत येताना हायवेवर सोबा, म्हणजे तिथल्या गरम शेवया, खायला थांबलो, तेव्हा वाडग्याकडे बघत ते म्हणाले, “माझे हात गेले.”

“म्हणजे?”

“दारू तोलताना थरथरत असतील. मला कळत नाही, पण कागदाला कळतं. कुठे जास्त पडते, कुठे कमी. जास्त पडली की गोळी वर, कमी पडली की खाली.” एवढं लांब बोलून ते दमले. मग म्हणाले, “एप्रिलमध्ये परवान्याची मुदत संपते. मी तो पुढे वाढवणार नाही. मार्चची स्पर्धा शेवटची.”

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि तो माझ्या तोंडावर दिसतो, त्या देशात ही चांगलीच अडचण होती. चाळीस वर्षांची निष्ठा एका दुपारच्या अकराव्या नंबरावर सोडून द्यायची? पण वाईट जास्त कशाचं वाटलं सांगू? बंदूक जाणार याचं नाही. हा माणूस आता आपल्या हातांकडे परक्यासारखा बघणार, याचं. त्या आठवड्यात त्यांनी चहाचा कप एका हाताने उचलणं सोडलं. दोन्ही हातांनी धरायला लागले.

डिसेंबरात नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेत जाणार होता. ओतोसाननी त्याला कधी नव्हे ती एक वस्तू आणायला सांगितली, क्रोनोग्राफ. गोळीचा वेग मोजणारं यंत्र. लांबट डबा, त्याच्या वर दोन टोकांना दोन काचेचे डोळे आणि त्या डोळ्यांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या कमानी. गोळी कमानींखालून गेली की तिची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मधल्या वेळावरून यंत्र वेग सांगतं, एका सेकंदाला इतके फूट.

मी खूश झाले. आता खरं काय ते कळेल! पण ओतोसानना ते यंत्र माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून नको होतं. “मला आकडा हवा,” ते म्हणाले. दारू सारखी तर वेग सारखा. वेग पसरलेला असेल तर हात पसरलेले. मग सोडताना मनात काही राहणार नाही. तराजूंमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला नुसत्या मनाच्या कौलावर बंदूकही सोडता येईना.

यंत्राबरोबर बारा पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. कोतात्सुत, म्हणजे त्या पांघरूण घातलेल्या गरम टेबलात, पाय घालून मी त्याचं जपानी केलं. दोन दिवस लागले. त्या घरात आल्यापासून माझ्या शिक्षणाचा उपयोग फ्यूज बदलण्यापलीकडे झाला नव्हता, म्हणून मी जरा जास्तच नेटकं अक्षर काढलं. ओतोसाननी ती पानं वाचली, सुईदोऱ्याने शिवली आणि आपल्या टेबलावर ठेवली.

जानेवारीत आम्ही मैदानावर गेलो. नेम धरायची जागा छपराखाली, आणि यंत्र त्याच्या पुढे, उघड्या उजेडात तिपाईवर लावायचं. पुढे जायचं तर मैदानाच्या व्यवस्थापकांनी घंटा द्यायला हवी. घंटा झाली की सगळे बंदुका उघड्या ठेवून मागे सरतात आणि मगच कोणी पाऊल पुढे टाकतं. हे व्यवस्थापक ओतोसानहूनही वयाने मोठे, लोकरी टोपीतले, कशालाही चांगलं न म्हणणारे गृहस्थ होते. यंत्र बघून ते म्हणाले, “ज्याने ज्याने हे आणलं, त्याने त्याने एक दिवस त्यालाच गोळी मारली.”

हे ऐकून ओतोसाननी घाबरून यंत्र नळीच्या अगदी पुढ्यात लावलं. पहिल्या गोळीला यंत्राने भलताच आकडा दाखवला, कुठल्याही रायफलीला न जमणारा. दुसरीला काहीच नाही. तिसरीला एक कमान उडून गवतात पडली.

“दहा फूट लिहिलंय मी!” मी म्हटलं. “नळीतून निघालेल्या धक्क्यानेच त्याचे डोळे दिपतात. चौथं पान.”

“वाचलंय.”

“मग?”

“नेम चुकला तर यंत्र जाईल.”

तीनशे मीटरवरच्या कागदाचा मध्य शोधणारा माणूस दहा फुटांवरचं यंत्र चुकवून गोळी मारू शकणार नाही, असं त्याला स्वतःला वाटत होतं. मला गलबलून आलं, आणि म्हणूनच मी आणखी मोठ्याने म्हटलं, “दहा म्हणजे दहा!” पुढच्या घंटेला मी स्वतः जाऊन पावलं मोजून तिपाई लावली.

मग आकडे यायला लागले. मी मागे बसून लिहायला लागले. कॉलेजच्या लॅबने मला एक खोड लावली होती, जे दिसेल ते सगळं वहीत उतरवायची. वेळ, आभाळ, वारा, गोळीचा क्रमांक, वेग, काडतूस कुठून काढलं. आमच्या सरांचा दंडक होता की कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे नंतर ठरवायचं, आधी लिहायचं. मध्येच ओतोसाननी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. “यात खिसा कशाला?”

“काही तुम्ही खिशातून काढताय, काही डब्यातून. दिसलं म्हणून लिहिलं.”

शिकारीच्या दिवसांपासून त्यांना मूठभर काडतुसं खिशात ठेवायची सवय होती. ते पुन्हा नेम धरायला लागले. शेवटी त्यांनी वहीतला सगळ्यांत मोठा आकडा पाहिला, सत्तावीसशे एक्केचाळीस. सगळ्यांत लहान पाहिला, सव्वीसशे अठ्ठ्याहत्तर. वजाबाकी केली. “त्रेसष्ट,” म्हणाले. चांगल्या हाताच्या काडतुसांत एवढा फरक नसतो, हे मला बारा पानांमुळे माहीत होतं. साक्षीदार फिरला होता.

मी हार मानणार नव्हते. पुढच्या खेपेची काडतुसं भरताना मी स्टूल घेऊन बसले, वाटाण्यांशिवाय. “प्रत्येक दोनदा तोला,” मी म्हटलं. “मी लांबून काटा वाचते.” त्यांनी तोललं. तीस काडतुसं, साठ वेळा. काटा एकाच रेघेवर, दर वेळी. मी काटा बघत होते आणि त्यांचे हातही बघत होते. चिमट्याने शेवटचे दोन दाणे टाकताना त्यांचा श्वास थांबायचा आणि बोटं देवाला फूल वाहावं तशी स्थिर असायची.

“तराजू खोटं बोलतो का, ओतोसान?”

“माझा तराजू खोटं बोलत नाही.”

“मग तुमचे हात कुठे बिघडलेत?”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, “तर मग बंदूक म्हातारी झाली असेल. नाहीतर डोळे.” सोडायचं ठरवलेल्या माणसाला एक कारण काढून घेतलं की तो दुसरं पुढे करतो. मी पाय आपटत खाली गेले आणि भांडी घासली, घासलेलीच पुन्हा.

फेब्रुवारीत दुसरी खेप. रात्री बर्फ पडून गेलेलं, ऊन स्वच्छ. मी काइरो दिली, त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. यंत्र दहा फुटांवर, कमानी सरळ, सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि आकडे पुन्हा तसेच, काही सत्तावीसशे तीसच्या आसपास, काही सव्वीसशे ऐंशीच्या. माझ्या डोळ्यांदेखत साठ वेळा तोललेली काडतुसं! मला त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटत होती.

दुपारी सगळे भाताचे गोळे खायला बसले. एका हाताने खात मी वही उलटत होते, आणि आकडे सोडून नुसता शेवटचा रकाना वाचत गेले. खिसा, खिसा, डबा, खिसा, डबा, डबा. मग वेगाकडे पाहिलं. जिथे जिथे खिसा, तिथे तिथे वेग जास्त. जिथे डबा, तिथे कमी. एकही अपवाद नाही. मी जानेवारीची पानं काढली. तिथेही तेच.

खिशात ठेवल्याने गोळी कशी पळेल? मला स्वतःचंच हसू आलं. असं कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी परदेशी सुनेचं डोकं थंडीने फिरलं म्हटलं असतं.

जेवण झालं. सकाळची काइरो आता निवली असेल म्हणून मी नेहमीप्रमाणे नवी फोडली, हलवली आणि ओतोसानना दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, किंचित वाकले आणि डाव्या खिशात सोडली. आणि मला आवाज आला. टक्. पितळेवर काहीतरी पडल्याचा.

काडतुसं डाव्या खिशात होती. काइरोही डाव्या खिशात.

“अहो थांबा! खिसा! खिसा!” मी किंचाळले, आणि तेही मराठीत.

त्या मैदानावर कोणी ओरडलं की काय झालं हे विचारायच्या आधी सगळं थांबवायचं, असा नियम. व्यवस्थापकांनी घंटा बडवली. आठ माणसं बंदुका टेबलावर ठेवून हात वर करून मागे सरकली. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला जपानीतून खुलासा करणं भाग पडलं. घाईत तोंडून एवढंच निघालं, “माझ्या सासऱ्यांचा खिसा गरम आहे.”

कोणी हसलं नाही. जपानी लोक अशा वेळी फार सभ्य असतात. मी धावत ओतोसानच्या टेबलापाशी गेले. काडतुसांना हात लावायचा नाही, म्हणून पाठीमागे हात बांधून उभी राहिले. “दारू गरम असली की जास्त जोरात जळते ना?”

“हो,” ते सावकाश म्हणाले. “उन्हाळ्यात मी काडतुसं गाडीत ठेवत नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही.”

“आणि हिवाळ्यात?”

त्यांनी खिशात हात घातला. आधी काइरो निघाली. मग एक काडतूस. त्यांनी ते तळहातावर धरलं, मग डब्यातलं एक दुसऱ्या तळहातावर. दोन्ही हात समोर धरून ते तराजूसारखे उभे राहिले. एक ऊबदार आणि एक बर्फासारखं गार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! ओतोसानना आठवलं, नोव्हेंबरच्या स्पर्धेत पहिल्या पाच गोळ्या खिशातल्या होत्या, पुढच्या पाच डब्यातल्या. म्हणून पाच वर आणि पाच खाली. आदल्या हिवाळ्यात दहाही खिशातल्याच असायच्या, म्हणून कागद काही बोलला नव्हता. मी तराजूवर संशय घेतला, बंदुकीवर घेतला, यंत्रावर दात खाल्ले, आणि चोर मीच होते. दोन हिवाळे, अगदी कर्तव्य म्हणून, मी त्यांच्या काडतुसांना शेक देत होते.

“त्याच खिशात का ठेवत होतात?” मी विचारलं.

“पहिल्या वर्षी तू स्वतः तिथे ठेवलीस.”

“पण तिथे काडतुसं असतात हे मला सांगायचं नाही का?”

त्यांनी गार काडतूस परत डब्यात ठेवलं. “तू आठवणीने देत होतीस,” म्हणाले. “दुसऱ्या खिशात ठेवली असती तर तुझं चुकलं असं दिसलं असतं.”

आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. मी नुसती मान हलवली आणि नाक पुसलं.

पण अंदाज तो अंदाज, त्याची परीक्षा व्हायला हवी होती. मी म्हटलं, दहा काडतुसं. पाच काइरोसकट खिशात, पाच डब्यात सावलीला, अर्धा तास. कोणतं कधी झाडायचं ते चिठ्ठ्या ठरवतील. मी वहीचं पान फाडून दहा चिठ्ठ्या केल्या आणि व्यवस्थापकांच्या लोकरी टोपीत टाकल्या. त्यांनी टोपी काढून दिली याचंच सगळ्यांना नवल वाटलं. अर्धा तास होईपर्यंत मैदानावरची आठही माणसं आमच्यामागे जमा झाली होती.

व्यवस्थापक चिठ्ठी काढत, ओतोसान तसं काडतूस भरत, आणि मी आकडा मोठ्याने वाचत होते. खिसा, सत्तावीसशे छत्तीस. डबा, सव्वीसशे चौऱ्याऐंशी. डबा, सव्वीसशे एकोणनव्वद. खिसा, सत्तावीसशे एकोणतीस. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीपासून मागची माणसं आकडा यायच्या आधीच पुटपुटायला लागली, आता वरचा, आता खालचा. एकदाही चुकलं नाही. दहावी गोळी झाली आणि मी वही ओतोसानपुढे ठेवली. त्यांनी डब्यातल्या पाच आकड्यांवरून बोट फिरवलं. सर्वांत मोठा सव्वीसशे एक्क्याण्णव, सर्वांत लहान सव्वीसशे एक्क्याऐंशी.

“दहा,” ते म्हणाले.

व्यवस्थापकांनी टोपी डोक्यावर चढवली. “मी इथे इतकी वर्षं आहे,” ते म्हणाले. “कारखान्यातली काडतुसंसुद्धा अशी पाहिली नाहीत.”

ओतोसाननी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “माझे हात बरे आहेत.”

“मी हेच सांगत होते!” मी म्हटलं, आणि आठ जपानी पुरुषांसमोर भोकाड पसरलं. पसरलं तर पसरलं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ते सोबाच्या दुकानात थांबले आणि त्यांनी चहाचा कप एका हाताने उचलला. मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

मार्चच्या स्पर्धेला मी काइरोचं खोकं घरीच ठेवलं. कानाला खडा लावला होता. काडतुसं सगळी डब्यात, डबा टेबलाखाली सावलीत. ओतोसान बसले, गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला, आणि त्यांच्या पाठीचा कणासुद्धा हलेना. मी मागून दुर्बिणीला डोळा लावला होता. पहिलं भोक मध्यात. दुसरं त्याला चिकटून. पाचव्यानंतर मी श्वास रोखला, कारण नोव्हेंबरात इथूनच घसरण झाली होती. सहावं मध्यात. सातवं, आठवं. नवव्याने जरा उजवीकडे तोंड काढलं. दहावं पुन्हा मध्यात. दहाही भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली असती.

शंभरपैकी सत्त्याण्णव! क्लबाच्या अध्यक्षांना पंच्याण्णव. दर वेळी अध्यक्ष पहिले आणि ओतोसान दुसरे किंवा तिसरे, हा त्या क्लबचा जणू कायदाच होता. तो मोडला. मी टाळ्या इतक्या जोरात वाजवल्या की शेजारच्या गृहस्थांनी मला हळूच आपले हातमोजे दिले.

बक्षीस म्हणून तांदळाचं पोतं होतं. आणि ज्याला पोतं मिळेल त्याने दोन शब्द बोलायचे, अशी रीत. मला वाटलं, ओतोसान आभार मानून बसतील. ते उभे राहिले. त्यांनी दोन हिवाळ्यांची सगळी हकीकत सांगितली, काइरोसकट. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. पण शेवटी ते म्हणाले, “चूक माझी. खिशात काडतुसं आहेत हे मी माझ्या सुनेला सांगितलं नाही. तिने विचारलं नसतं आणि लिहिलं नसतं, तर मी आज बंदूक सोडली असती, आणि मरेपर्यंत माझ्या हातांना दोष दिला असता.” मग ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर कमरेतून वाकले. पूर्ण वाकले. लग्नात मी त्यांच्यापुढे वाकले होते त्याहून खाली.

एप्रिलमध्ये सूट घालून, सायकलवर बसून ते पोलीस ठाण्यात गेले आणि परवाना पुढे वाढवून आले. तो नवा परवाना त्यांनी एक दिवस सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवला. त्या रविवारी मी आईला फोन केला. ती म्हणाली, “म्हणजे तुझी चूक शोधल्याबद्दल तुलाच नमस्कार? बरं सासर मिळालंय हो!”

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा डोंगरात गेलो. पहाटेचं दव गोठून गवत कडक झालं होतं. गाडीतून उतरल्यावर सवयीने माझा हात पिशवीकडे गेला, आणि तिथेच थबकला. काइरो होत्या, पण द्यायचं धाडस होईना. मी पिशवीची चेन लावायला लागले.

ओतोसान गाडीपाशीच उभे होते. त्यांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे स्वतःहून काही मागितलं नव्हतं, मीठसुद्धा नाही.

“दोन दे,” ते म्हणाले. “डावा खिसा आता रिकामा असतो.”

मी दोन फोडल्या, चांगल्या हलवल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या.